पाहुण्याला काही विचारू नये

कवळीवाल्याच्या घरात प्रार्थनेची वेळ कोंबडी सांगायची. मठात त्यासाठी पितळी घंटा असते, उंच मनोऱ्यात टांगलेली. कवळीवाल्याकडे मनोरा नव्हता. अंडी उकडताना लावायचा कोंबडीच्या आकाराचा टायमर मात्र होता, आणि तो किरकिरला की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून उठायचं, असा त्याचा नियम होता. शब्द अर्धा लिहून झाला असेल तर अर्धाच ठेवावा, असं मठात शिकवतात. कवळीवाला शब्द लिहीत नसे, दात बसवत असे. त्यामुळे शहरातल्या काही प्रतिष्ठित तोंडांत त्या काळात सुळे जरा तिरके बसले. तक्रार कोणाची आली नाही. कवळी नवी असली की माणूस आधी स्वतःच्या तोंडालाच दोष देतो.

कामाची जागा म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे. मौनाचा नियम या घरात सगळ्यात आधी त्यांनी आत्मसात केला होता.

हे सगळं सुरू झालं ते एका कवळीमुळेच. डोंगरावरच्या ख्रिस्ती मठात दार सांभाळणारे एक म्हातारे ब्रदर होते. त्यांचे उरलेसुरले दात गेले आणि खाली शहरात येणं त्यांना झेपेना, म्हणून कवळीवालाच मेण, प्लास्टर आणि मापाचे साचे घेऊन वर गेला. काम दोन दिवसांचं होतं. हिरड्या सुजलेल्या निघाल्या, त्या उतरेपर्यंत तो तिथेच राहिला, आणि परत आला तो अर्धा ब्रदर होऊन. अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्याचं लग्न झालेलं होतं. पण प्रपंच न सोडता मठाची रीत घरी पाळायची सोय चर्चने करून ठेवली आहे. पुढे रीतसर मठाच्या छोट्या चॅपेलमध्ये गुडघे टेकून त्याने तसं वचन दिलं. बायको मागच्या बाकावर बसली होती. हे एक प्रकारचं पेन्शन असावं, असं तिला वाटलं.

त्यात ढोंग नव्हतं, हे सांगायला हवं. ढोंग असतं तर बायकोला सोपं गेलं असतं. पूर्वी हा माणूस भडक डोक्याचा होता. साचा तडकला की पक्कड भिंतीवर आपटायचा आणि भिंतीचा टवका उडाला म्हणून बायकोवर ओरडायचा. मठातून आल्यावर त्याचा आवाज उतरला. पहिले काही महिने बायको शेजारणींना सांगत होती, "देव आहे हो, खरंच आहे!" मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आवाज उतरला तो पार तळाला जाऊन बसला आहे आणि वर यायचं नाव घेत नाही.

ती मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक तिला विचारायचे. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, सोळा नंबरचा पेशंट कुठे हलवला, आणि कधी कधी, दबक्या आवाजात, शवागार कुठे. ती सगळ्यांना सांगायची. संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा कोंबडी वाजून गेलेली असायची आणि नवरा डोळे मिटून स्तोत्र म्हणत असायचा. मग जेवण. जेवताना बोलायचं नाही, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकत खायचं, ही मठाची पद्धत. मठात बाकीचे म्हणजे तीसेक ब्रदर असतात. इथे बाकीचे म्हणजे बायको. तिचं खाऊन झालं की तो पुस्तक मिटून गार झालेलं सूप प्यायचा. मीठ, पाणी, पाव यांसाठी हाताच्या खुणा होत्या. त्या त्याने तिला प्रेमाने शिकवल्या. तिने स्वतःच्या मनाने एक जास्तीची खूण तयार केली होती, ती बहुधा मठात चालत नसावी. जेवणानंतर शेवटची प्रार्थना, आणि तिथून सकाळपर्यंत मोठं मौन. मोठं मौन म्हणजे घराला आग लागली तरी आधी खाकरून घ्यायचं.

पण या सगळ्याहून वरताण होता तो पाहुण्यांचा नियम. दारात येणारा प्रत्येक जण ख्रिस्त आहे असं समजून त्याचं स्वागत करायचं. वाकून नमस्कार, घरातली सगळ्यात चांगली खुर्ची, हातपाय धुवायला कोमट पाणी, स्वच्छ टॉवेल, आणि पानात घरच्यांपेक्षा जास्त लोणी. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस पहिल्यांदा घाबरला, नंतर दर वेळी जेवायच्या वेळेलाच यायला लागला. आणि पाहुण्याला काही विचारायचं नाही. का आलात, कुठून आलात, किती दिवस राहणार, एक अक्षर नाही. म्हाताऱ्या ब्रदरांनी हे बजावून सांगितलं होतं. एकदा एक गृहस्थ पत्ता चुकून आले. त्यांनी पाय धुतले, पोटभर जेवले, दुपारी झोपले आणि संध्याकाळी निघून गेले. त्यांना कुठे जायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि याने विचारलं नाही.

या नियमाचा खरा आनंद लुटला तो मेहुणीने. बायकोची ही धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. ती आली की दाराशीच हात जोडून उभी राहायची, "आले हो ख्रिस्त!" म्हणायची आणि खुर्चीत रेलायची.

"दाजी, पायाखाली घ्यायला काही मिळेल का?"

कवळीवाल्याने बायकोची खुर्ची आणून त्यावर उशी ठेवली.

"ताई, तू का उभी? बस की."

"माझी खुर्ची तुझ्या पायाखाली आहे."

"अगं बाई! दाजी, हिला कधी असं गरम पाणी आणून देता का हो?"

कवळीवाला मायेने हसला. "ती पाहुणी थोडीच आहे? ती आणि मी मिळून हा मठ आहोत."

"म्हणजे ताई ब्रदर?"

"त्या अर्थाने, हो."

"अभिनंदन ताई. दाढी कधी ठेवतेस?"

बायको हसली, खूप हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली ते जरा जास्तच वेळ. मेहुणी गप्प झाली. ही गोष्ट तिच्या बाबतीत क्वचितच घडत असे. मग ती हळूच म्हणाली, "ताई, तू एक दिवस बाहेर जा आणि बेल वाजवून आत ये. बघ तरी काय होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉस्पिटलने दुसऱ्या गावात शाखा काढली. बसने अर्ध्या दिवसाचं अंतर. तिथे चौकशीच्या खिडकीवर जुनं, अनुभवी माणूस हवं होतं. बायकोने वेळ बघून, दोन प्रार्थनांच्या मधली, नवऱ्याच्या टेबलापाशी येऊन सांगितलं. तो मेणात पुढचा दात बसवत होता.

"मला तिकडे जाल का म्हणून विचारतायत."

"हं."

"वर्षभरासाठी. पुढे वाढेलही. राहायला खोली देतात."

"हं."

"जबरदस्ती नाही. नाही म्हटलं तरी चालतंय."

मेणात दात नको तितका आत गेला. जाऊ नकोस, हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले, आणि नेमके म्हणूनच त्याने ते अडवले. जे घट्ट धरावंसं वाटतं त्याच्यावरची मूठ उघडावी, हे तो शिकला होता. आजवर दिलेलं सगळ्यात मोठं दान देतो आहोत, अशा आवाजात तो म्हणाला, "मी आड येणार नाही. तू मोकळी आहेस."

"एवढंच?"

कोंबडी वाजली. तो उठला.

ती गेल्यावर घर खरोखरचा मठ झालं. अडवायला कोणी नाही, खुणा करायला कोणी नाही. आता नियम अधिक नीट पाळता येतील, असं त्याला वाटलं होतं. पण झालं उलटंच. समोर कोणी असलं की माणूस मौन पाळतो. नसलं की तो नुसता गप्प असतो. जेवताना तो सवयीने मोठ्याने वाचायचा, आणि पान उलटताना समोर बघायचा तर फळीवरून जबडे ऐकत असायचे, बरेचसे खालचे. स्तोत्रातल्या ओळी तोंडातून नीट बाहेर पडत होत्या, पण त्या कोणाला उद्देशून आहेत हे त्याला मधूनच आठवेनासं व्हायचं. ती निघाली त्या दिवशी त्याने तिची बॅग उचलून दिली होती. खोली कशी आहे, हेसुद्धा विचारलं नव्हतं. हे त्याला आठवायचं आणि तो मनाशी म्हणायचा, बरोबरच केलं. दर वेळी जरा हळू आवाजात म्हणायचा.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. त्याने दार उघडलं तर बायको. तिच्या हातात घराची किल्ली होती आणि चेहऱ्यावर चोरटं हसू. बहिणीने सुचवलेली गंमत करून बघायला आली होती, हे लहान मुलालाही कळलं असतं.

कवळीवाला वाकला.

त्याने तिला चांगल्या खुर्चीत बसवलं. कोमट पाणी आणलं. स्वच्छ टॉवेल. अंडं उकडलं, पाव भाजला, लोणी सढळ हाताने लावलं. आधी ती हसत होती. "अहो, पुरे! अहो, मी आहे!" मग तिला ते आवडलंही असावं, कारण तिने पाय लांब करून डोळे मिटले. गेल्या कित्येक वर्षांत या घरात तिच्यासाठी कोणी पाव भाजला नव्हता. तिने खाल्लं, बशी बाजूला सारली आणि त्याच्याकडे बघत बसली.

ती वाट बघत होती. त्यालाही ते दिसत होतं. कशी आहेस, करमतं का, परत कधी येणार. त्याने ते अवघड घास गिळावा तसं गिळलं.

"बस चुकेल माझी," ती म्हणाली.

"हं."

"ही शेवटची नाही. आणखी एक आहे."

"हं."

ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, भिंतीवर चढलं आणि गेलं.

"अहो, तुम्हाला काही विचारायचं नाही का?"

"नाही," तो म्हणाला. "तू सुखरूप आलीस, पुष्कळ झालं." आणि वाटेत खायला पाव बांधून द्यायला तो आत गेला. बाहेर आला तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी होती. पाव तिने घेतला. ती गेल्यावर तो देवापुढे गुडघ्यांवर बसला आणि आपण एका मोठ्या परीक्षेला उतरलो, असं देवाला सांगून टाकलं. देवाने काही म्हटलं नाही. तोही मौन पाळत असावा.

पुढच्या आठवड्यात मठातून निरोप आला की म्हाताऱ्या ब्रदरांची कवळी हिरडीला टोचते आहे. कवळीवाला वर गेला. दाराजवळच्या खोलीत बसून तो कवळी घासत होता आणि ब्रदर बोळक्या तोंडाने समोर बसले होते. घासता घासता त्याने सगळं सांगितलं. सांगताना आवाजात थोडी नम्रता होती, थोडी त्याहून वेगळी गोष्ट.

"मग? काय म्हणाली ती?" ब्रदरांनी विचारलं.

"मी विचारलं नाही."

"का?"

"पाहुण्याला काही विचारू नये. तुम्हीच सांगितलं होतं."

ब्रदर हसायला लागले आणि मध्येच थांबले. "अरे, इथे माणसं तोंड लपवून येतात. कोणी घर सोडून आलेला, कोणी तुरुंगातून सुटलेला. विचारलं तर बिचाऱ्याला खोटं बोलावं लागेल, म्हणून आम्ही विचारत नाही. तुझी बायको काय लपवत होती?"

"काही नाही."

"मग?"

"मला विचारावंसं फार वाटत होतं," कवळीवाला म्हणाला. "इतकं वाटत होतं, म्हणूनच नाही विचारलं. जे फार हवं असतं ते सोडून द्यायचं..."

"ते लोण्याबद्दल आहे, गाढवा!"

कवळीवाल्याचा हात थांबला.

"मी इतकी वर्षं हे दार उघडतोय," ब्रदर म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द ओलसर येत होते. "संध्याकाळी खोलीत जातो. आज किती जण आले, पाय दुखतात का, हे मला एक माणूस विचारत नाही. ते सोसायचं मी ठरवलंय. मी, माझ्या तोंडाने, तेव्हा माझे दात होते. तुझ्या बायकोने कधी ठरवलं?"

कवळीवाला पुन्हा कवळी घासायला लागला.

"दे ती इकडे. दात नसले की धड शिव्याही देता येत नाहीत."

घरी आल्यावर कवळीवाला तिची वाट बघायला लागला. फोन करता आला असता, पण फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतं, असं त्याने ठरवलं. खरं तर तो घाबरला होता. प्रश्न तयार होता. काम करताना, भांडी घासताना तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. एकदा तर स्तोत्राच्या मध्येच मोठ्याने म्हटला गेला.

थंडी सुरू झाली तेव्हा ती आली. या वेळी बेल वाजली नाही. किल्लीने दार उघडून ती सरळ आत आली, तेव्हा हे चांगलं लक्षण आहे असं त्याला वाटलं. तिच्या हातात रिकामी मोठी बॅग होती, ती त्याने नंतर बघितली.

"गरम कपडे न्यायला आले," ती म्हणाली आणि कपाट उघडलं.

तो मागोमाग खोलीत गेला. हाताला प्लास्टर तसंच होतं. "तू परत कधी येणार?"

ती स्वेटरची घडी घालताना थांबली. "काय म्हणालात?"

"विचारतोय. कधी येणार? ये. परत ये तू."

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"त्या दिवशी मी अख्खी दुपार बसले होते."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"हो."

"मी कशासाठी बसले होते, तेही?"

त्याने मान हलवली. "मला वाटलं, न विचारणं हेच प्रेम. विचारणं म्हणजे ओढून घेणं."

"अहो, थोडं ओढायचंत की," ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

मग तिने सांगितलं. तिथली खोली लहान आहे. संध्याकाळी कोणी बोलत नाही, कोणी विचारत नाही. पहिले काही दिवस ती रडली. मग तिच्या लक्षात आलं की ते आता मनाला लागत नाहीये. "एकटीला कोण विचारणार? तिथे कोणी नसतंच, तर त्याचं काय वाईट वाटायचं? इथे तुम्ही असायचात. समोर बसलेले असायचात, आणि मग लागायचं." तिने घडी पुरी केली. "मी वर्ष झाल्यावरही तिथेच राहते म्हणून हॉस्पिटलला सांगून टाकलंय. गेल्या महिन्यातच."

"गेल्या महिन्यात."

"हो. त्या रविवारनंतर."

बॅग त्याने उचलली. ती नको म्हणाली तरी उचलली. दुपारच्या प्रार्थनेची वेळ होऊन गेली होती. स्टॉपपर्यंतची वाट लांब नव्हती, आणि त्या वाटेवर तो विचारत राहिला. खोलीला खिडकी आहे का? आहे, मागच्या बाजूला. पाणी येतं का? सकाळी येतं, भरून ठेवावं लागतं. वरच्या मजल्यावर कोण राहतं? एक बाई, कोर्टात टायपिस्ट आहे. जेवण? करते एकवेळचं, पुरतं. चौकशीच्या खिडकीवर गर्दी असते का? असते, पण इथल्याइतकी नाही. एकामागून एक, धापा टाकत, बॅग या हातातून त्या हातात घेत तो विचारत होता, आणि ती सगळ्याची नीट उत्तरं देत होती.

स्टॉपवर बाक होता. ती बसली आणि तिने जांभई दिली. धंद्याच्या सवयीने त्याची नजर तिच्या तोंडात गेली.

"डावीकडची दाढ कुठे गेली?"

"काढली."

"कधी?"

"मागच्या वर्षी. इथे असताना."

"कोणाकडे?"

"तुम्हाला काम देतात ना ते हॉस्पिटलातले डॉक्टर, त्यांच्याकडेच. ते म्हणाले, मिस्टरांना सांगा, घरच्या घरी दात बनवून होईल. मी म्हटलं, सांगते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जेवताना सांगायला लागले होते. तुम्ही वाचत होतात. हाताने खूण केली गालाकडे, तुम्ही पाव पुढे केलात."

तो म्हणाला, "मी बनवून देतो. माप आत्ता घेतो हवं तर. घरी चल, फार वेळ लागत नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "जिभेला सवय झाली."

बस आली. त्याने बॅग आत चढवून दिली. खिडकीपाशी उभं राहून त्याने विचारलं, दुखली होती का फार. ती म्हणाली, दोन दिवस. त्याने विचारलं, कोणी होतं का बरोबर. ती म्हणाली, नाही, लोकांना रस्ता सांगायला मी होते ना तिथे, मला कशाला कोण लागतं. मग ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, आणि त्याचा पुढचा प्रश्न तिला ऐकू गेला नाही. तिने कानामागे हात धरून पुन्हा सांगा म्हणून खूण केली. तो पुन्हा बोलला. बस हलली होती.